खिशावरची रेघ

सईनं पहिल्या पगारातून मला कुर्ता आणला. गर्द निळ्या रंगावर पांढरे आणि विटकरी शंकरपाळे, कडा फिसकटलेल्या, पोचमपल्लीच्या कापडाला असतात तशा. तिनं तो पिशवीतून काढला, घडी मोडली, माझ्या खांद्यांना लावून धरला आणि मान तिरकी करून दोन पावलं मागं जाऊन बघायला लागली. "इकत आहे मावशी. तुला आवडतं म्हणून..." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या हातानं कुर्त्याचा घेर उचलून उलटा केला होता. ठरवून केलं असतं तर कबूल केलं असतं, पण हे हातानं परस्पर केलं, डोळ्यांवर आलेली बट मागं सारावी तसं. आतली बाजू फिकट होती. बाहेरचा गर्द निळा आत धुवट आकाशी झालेला, विटकरी शंकरपाळे तर नुसते पुसट डाग. शिवणीच्या कडेला एक सुटा धागा लोंबत होता. तो चिमटीत धरून ओढला आणि खिडकीशी नेला. निळा, मग पांढरा ठिपका, मग निळा, मग पांढरा ठिपका. "छापील आहे गं," मी म्हणाले.

सईचा चेहरा पडला नाही. पडला असता तर बरं झालं असतं, काहीतरी बोलता आलं असतं. "हो? तो तर इकत म्हणाला," इतकंच म्हणून तिनं कुर्त्याची घडी घालायला घेतली, अगदी दुकानातल्याच घड्यांवर, बाह्या मागं आणि मग तीन पट. मी घाईघाईनं "पण रंग किती छान आहे, आणि माप बरोबर आणलंस" वगैरे म्हटलं. चहा झाला, तिच्या ऑफिसातल्या गमती झाल्या, ती गेली. पिशवी दिवाणावर राहिली.

आधी "छान आहे" म्हणायला कितीसा वेळ लागला असता?

त्या धाग्याचं सांगते, कारण पुढचे दोन दिवस तो पिशवीशेजारी दिवाणावर पडून होता आणि केर काढताना मी त्याला दोनदा वगळलं. इकत म्हणजे आधी रंग आणि मग विणकाम. सुताचे झुबके जिथं कोरे राहायला हवेत तिथं करकचून बांधायचे, रंगात बुडवायचे, सोडायचे, पुन्हा दुसरीकडं बांधायचे, आणि शेवटी मागावर असे विणायचे की एका धाग्यावरचा पांढरा तुकडा शेजारच्या धाग्यावरच्या पांढऱ्या तुकड्याला येऊन भिडला पाहिजे. तो नेमका भिडत नाही. केसभर इकडंतिकडं होतो, आणि म्हणून शंकरपाळ्याची कड पाणी लागल्यासारखी फिसकटते. पाटणच्या पटोळ्यात तर उभे आणि आडवे दोन्ही धागे असे बांधून रंगवलेले असतात. तिथं सरळ बाजू कुठली आणि उलटी कुठली हे विचारायचंच नाही. छापणारे त्या फिसकटलेल्या कडेचीही हुबेहूब नक्कल करतात, समोरून बघणारा फसतो. पण विणून झालेल्या कापडावर वरून रंग दिला की एक धागा जिथं दुसऱ्याखाली दडलेला असतो तिथं तो पोचत नाही. धागा ओढून काढला की त्या दडलेल्या जागा पांढरे ठिपके होऊन उघड्या पडतात. खऱ्या इकतच्या धाग्यावर ठिपके नसतात. बोटभर निळा, मग बोटभर पांढरा, आणि निळा तो सगळ्या अंगानं निळा.

हे मला कुणी शिकवायला बसलं नव्हतं. माझं लहानपण इचलकरंजीत गेलं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये तिथं पहिला यंत्रमाग आणला, ही गोष्ट आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या जोडीनं येते. मागांच्या खडखडाटात आम्ही झोपायचो, आणि रात्री लाइट गेली की सगळी गल्ली त्या अचानकच्या शांततेनं जागी व्हायची. आण्णा, म्हणजे माझे वडील, एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कापड तपासायला होते. मागावरून उतरलेलं कोरं कापड त्यांच्याकडं यायचं. तिरकी काच बसवलेलं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, वरच्या रुळावरून खाली सरकत येणारं कापड, आणि समोर आण्णा, एका हातात निळा खडू. तुटलेली तार, एकाच फटीत दोनदा गेलेला आडवा धागा, तेलाचा डाग, धोट्यानं पाडलेलं भोक. शेजारी मेंडिंगच्या बायका बसलेल्या असत. त्या दाभणासारख्या जाड सुईनं गाठी काढायच्या आणि सुटलेली तार पुन्हा भरायच्या. शाळा सुटल्यावर डबा परत न्यायला मी तिथं जायची आणि कापडाच्या ठाणांवर बसून ते बघत राहायची. आण्णांच्या खिशात घडीचं पितळी भिंग असे. कापडावर ठेवायचं आणि सुईच्या टोकानं एका इंचातले धागे मोजायचे. "बाण्णव-अठ्ठ्याऐंशीचं केंब्रिक" हे शब्द मला बाराखडीइतके जुने वाटतात, आणि त्यातले बाण्णव उभे अन् अठ्ठ्याऐंशी आडवे हे मला फार उशिरा कळलं.

सगळ्यांत वाईट म्हणजे पट्टा. माग मधेच थांबला आणि पुन्हा चालू केला की त्या जागी आडवे धागे जरा दाट किंवा जरा विरळ पडतात. कोऱ्या कापडात ते दिसतच नाही. कापड रंगून आलं की मग या काठापासून त्या काठापर्यंत सरळ पट्टा बोंबलत उभा राहतो. तो आधीच हेरायची आण्णांची रीत अशी होती की जवळून बघायचंच नाही. चार पावलं मागं जायचं, डोळे अर्धे मिटायचे, आणि कापडाकडं बघायचं पण त्याच्यावर नजर ठेवायची नाही. "डोळा रोखलास की डाग लपतोय बघ," ते म्हणायचे. पुढं निर्यातीचा माल सुरू झाला तेव्हा चार पॉइंटांची पद्धत आली. तीन इंचांपर्यंतच्या दोषाला एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्याहून मोठ्याला चार. शंभर चौरस वारांत बहुधा चाळीसच्या वर गेलं की माल परत. जितके गुण जास्त तितका नापास, याची मला भारी गंमत वाटायची. घरात आई भाकरी वाढायची आणि आण्णा ती उजेडाकडं धरून "एकच पॉइंट" म्हणायचे. आईला त्यात काडीची गंमत वाटत नसे.

त्यांच्याबरोबर कापड घ्यायला जाणं म्हणजे शिक्षा होती. गादीवर बसायचं नाही, सरबत घ्यायचं नाही, दुकानदारानं फडकावून उलगडलेलं कापड आधी उलटं करायचं आणि मग ते ठाणासकट उचलून दुकानाच्या दाराशी, रस्त्याच्या उजेडात. "अहो, माल एक नंबर आहे," दुकानदार आतून ओरडायचा. आण्णा ऐकायचे नाहीत. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली किरमिजी आणि चॉकलेटी एकच दिसतात, निळा आणि काळा एकच दिसतात, हे त्यांचं पाठ होतं. दाराशी उभं राहून ते चौकडीच्या रेघेवर नख टेकवायचे आणि हळूहळू ओढत न्यायचे. विणलेली रेघ असली की नख एकाच धाग्यावरून शेवटपर्यंत जातं. छापलेली असली की वीतभर गेल्यावर रेघ एकीकडं आणि धागा दुसरीकडं. असल्या कापडाचा शर्ट दोन धुण्यांत वाकडा चालायला लागतो. मग खिशातला रुमाल थुंकी लावून ओला करायचा आणि रंगावर घासायचा. थुंकी! माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरचंच दुकान होतं. ती गल्ल्याशेजारी बसून हे बघत होती. मी तिथून घरी जाईपर्यंत आण्णांच्या चार पावलं पुढं चालले.

पण स्वतःच्या घरात आण्णांची परीक्षा वेगळीच असे, आणि तिचा अर्थ लावायला मला बराच काळ गेला. आमची भाकरी यंत्रमागावर होती. यंत्रमागानं हातमागाचं किती खाल्लं हे आण्णांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांचे वडील हातमागावरच बसायचे. १९८५ साली कायदा झाला आणि २२ प्रकारचं कापड हातमागासाठी राखून ठेवलं, ते यंत्रमागानं विणायचं नाही असं ठरलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९९३ मध्ये कायदा टिकला, आणि पुढं यादी मात्र ११ वर आली. पेढीवर त्या कायद्याला शिव्या घालण्यात आण्णाही सामील असणार. पण आईला इरकल घ्यायचं झालं की ते हातमागाचंच. आणि ते ओळखायची खूण आजीनं सांगितलेली होती: जोड बघ. इरकलचं अंग आणि पदर यांचे उभे धागे वेगळे असतात. अंगाच्या एकेका धाग्याच्या फासात पदराचा लाल रेशमी धागा अडकवून ते जोडतात आणि मग पदर विणतात. त्या टोपपदराच्या सुरुवातीला बोट फिरवलं की जोडाची बारीक कणी लागते. एरवी कापडात कुठं जोड लागला तर नाक मुरडणारे आण्णा, इरकलच्या त्या कणीवर बोट फिरवून म्हणायचे, "हां, हाय." आजी गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत निघालेल्या इरकलींवर मीही अंधारातच बोट फिरवलं होतं. चारांतल्या तिनांना जोड होता. चौथी कुणी दिली होती कोण जाणे, पण सगळ्यांत विरलेली तीच होती.

पैठणीचं हल्ली सगळ्यांना माहीत झालंय. येवल्यात दुकानात पाय ठेवला की दुकानदार स्वतःच पदर उलटा करून दाखवतो, मोर आतूनही मोरच, मागं धाग्यांचे लोंबते पूल नाहीत. यंत्रावरच्या पदराला उलट बाजूला ते पूल असतात, किंवा कापून टाकल्याची लव असते. मला त्यात आता काही मजा राहिली नाही. परीक्षेचा पेपरच फुटल्यासारखं वाटतं.

मजा येते ती छाप्याच्या कापडात. हातानं ठसे मारताना एक ठसा दुसऱ्याला जिथं भिडतो तिथं कुठं रंग दुहेरी बसतो, कुठं केसभर फट राहते. कारागीर दमला की त्याचा हात हलका होतो आणि दुपारची फुलं सकाळच्या फुलांपेक्षा फिकी येतात, असं मी तरी मनाशी धरून चालते. यंत्रानं छापणाऱ्यांनी हे दोषही उचलले. फट, दुहेरी रंग, ठशाच्या कोपऱ्याचा ओघळ, सगळं. पण यंत्रातलं जाळीचं नळकांडं फिरत असतं आणि त्याचा घेर बहुतेक ठिकाणी ६४ सेंटीमीटर असतो. म्हणून मी एखादा ओघळ पकडते आणि तिथून एक हात आणि एक वीत मोजते. आसपास तोच ओघळ त्याच कोपऱ्यात, तसाच तिरका सापडला, की मी कापड खाली ठेवते. कधीकधी ठेवतही नाही. दोनशे रुपयांचा गाऊन घरात घालायला घेताना ओघळ कुणाचा हे विचारण्यात अर्थ नसतो. राग येतो तो हातठशाचे पैसे मागितले की.

तयार कपड्यांत तर आणखी वेगळी तऱ्हा. तिथं कापड चांगलं असून शिवणारा कंजूष निघतो. मोठी नक्षी जुळवायची तर कापड जास्त लागतं. थरावर थर रचून एकदम कापताना प्रत्येक थरातली रेघ रेघेवर बसवायला वेळही लागतो. ते वाचवलं की बाजूच्या शिवणीवर अर्धं फूल पुढं आणि पाव फूल मागं. मागच्या दिवाळीत मी एका दुकानात हत्तींचा कुर्ता बघितला. पुढचे हत्ती सोंड वर करून डौलात चाललेले, आणि मागच्या भागावरचे सगळे हत्ती शीर्षासनात. तुकडे उलटसुलट लावून कापड वाचवलेलं. विकणाऱ्या मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, "मॅम, मागचं तुम्हाला थोडंच दिसणार आहे?" तिचं खरं होतं. ऑनलाइन तर मागचं मलाच काय, कुणालाच दिसत नाही. मॉडेल कमरेवर हात ठेवून उभी असते, नेमकी बाजूची शिवण झाकली जाईल अशी. चौकडीच्या शर्टात मी पाठीवरची आडवी पट्टी बघते. ती तिरक्या रेघांची असली तर कधी ती फॅशन असते आणि कधी जुळवायचं टाळलेलं असतं, आणि दोन्हींतला फरक मला आजवर सांगता आलेला नाही. बटणपट्टी बघते, कॉलरची दोन्ही टोकं बघते. आणि खिसा. खिसा नीट बसवलेला असला की तो दिसतच नाही. अंगावरची रेघ खिशावरून न अडखळता पलीकडं जाते, आणि तिथं खिसा आहे हे पेन लावायची वेळ आली की कळतं.

खिशाचं मला आण्णांकडून कळलं नव्हतं. म्हणजे कळलं त्यांच्याकडूनच, पण ते गेल्यावर.

१९९६ मध्ये मला पुण्यात नोकरी लागली. पहिल्या पगाराच्या शनिवारी लक्ष्मी रस्त्यावरून आण्णांसाठी शर्ट घेतला, पावणेतीनशे रुपयांचा, राखाडी-निळ्या चौकड्यांचा टेरिकॉट. मी त्यांच्या सगळ्या परीक्षा घेतल्या. आत उलटा करून बघितला, रेघेवर नख ओढलं, रुमालही घासला, थुंकी न लावता. एकच गोष्ट केली नाही. शर्ट घेऊन दाराशी गेले नाही. दुकानात गर्दी होती, मागं दोन कॉलेजातली मुलं उभी होती, आणि मला ती गल्ल्याशेजारची वर्गमैत्रीण आठवली. रात्री साडेदहाला एसटी इचलकरंजीत पोचली. आण्णांनी कागद सोडला, शर्ट दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "ब्येस हाय की." मी वाट बघत होते. त्यांनी तो उलटा केला नाही. दिव्याकडं धरला नाही. घडी न मोडता खुंटीशेजारच्या फळीवर ठेवला आणि जेवायला बसले. सकाळी मी उठले तेव्हा ते तो घालून पेढीवर निघाले होते, रविवार असून. आण्णांच्या परीक्षेत माझी निवड पास झाली, तीही न तपासता, या खुशीवर मी बरीच वर्षं काढली. ऑफिसात कुणाचं कापड घेणं असलं की ही गोष्ट मी सांगायची.

सई कुर्ता देऊन गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी आईकडं गेले होते. आई आता ऐंशीला टेकलीय, पण वाकळ शिवायचं वेड गेलेलं नाही. माळ्यावरून जुन्या कपड्यांचं बोचकं खाली काढलं आणि ते सोडताना हा शर्ट वर आला. कॉलर विरलेली, कोपरांशी कापड जाळीदार झालेलं. मी तो उचलला आणि, काय करू, हात परस्पर चालला, उलटा केला. खिशाच्या कडेनं आतल्या बाजूला हातशिलाई होती. पुढून बघितलं तर एकसारखी टीप, यंत्राची वाटावी अशी. आतून मात्र टाक्यावर टाका चढलेला, उलट्या टिपेचा चढतो तसा, आणि दोरा शर्टाच्या शिवणीच्या दोऱ्याहून किंचित पिवळट. खिशाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांच्या अर्धं बोट वर सुईच्या भोकांचे दोन चिमुकले त्रिकोण होते, रिकामे. टेरिकॉटला एकदा पडलेलं भोक बुजत नाही. कारखान्यात खिसा त्या त्रिकोणांवर बसवलेला होता. तिथून तो उसवून अर्धं बोट खाली घेतलेला. मी शर्ट सरळ केला, अंगणात नेला आणि उजेडात धरला. राखाडी-निळ्या चौकड्यांमधून एक बारीक किरमिजी रेघ जात होती. दुकानातल्या दिव्याखाली ती मला दिसलीच नव्हती. ती रेघ छातीवरून आली, खिशावरून गेली आणि बटणपट्टीपर्यंत पोचली, कुठंही न अडखळता. खिसा अर्धं बोट वर ठेवून बघितला, मनातल्या मनात. रेघ तुटत होती.

"हे कुणी केलं?" मी आईला विचारलं.

"त्यांनीच. तू आलीस त्या रात्री." आई सुईत दोरा ओवत होती. "तू झोपलीस मग काढला बाहेर. म्हणाले, नक्षी जुळंना. मी म्हटलं, असू दे की, कोण बघतंय. तर म्हणाले, सकाळी उजेड पडला की तिला दिसंल."

मेंडिंगच्या बायकांच्यात आयुष्य गेलेला माणूस, टीप घालणं त्यांना अवघड नव्हतं. किती वाजेपर्यंत बसले असतील? वीज अधूनमधून जायची तेव्हा. टेरिकॉट उसवणं म्हणजे एकेक टाका ब्लेडच्या कोपऱ्यानं उचलायचा, जराही घाई केली की कापडाला चिरा. मला तेव्हा गाढ झोप लागलेली होती, एवढंच आठवतं. आईला म्हटलं, मला कधी बोलली नाहीस. "तू कधी इचारलंस?" ती म्हणाली आणि शर्टासाठी हात पुढं केला. मी दिला नाही. मग जरा वेळानं दिला. बाह्या आणि पाठ तिच्या वाकळीत जाणार आहेत. पुढचे दोन भाग मी पिशवीत घालून पुण्याला आणले, आणि त्यांचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही.

परत आल्यावर कुर्ता भिजत घातला, वेगळ्या बादलीत, मूठभर मीठ टाकून. मिठानं रंग धरतो यावर माझा फारसा विश्वास नाही, आई टाकायची म्हणून टाकते. पहिलं पाणी शाईसारखं निघालं, दुसरं नीळ घातल्यासारखं, तिसऱ्याला नुसती झाक. दोरीवर मी तो सरळ बाजूनंच वाळत घातला. छापील कपडा उलटा वाळवायचा असतो, पण त्या दिवशी नाही. रविवारी सई जेवायला आली तेव्हा मी तोच घालून दार उघडलं. तिनं चपला काढल्या, माझ्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काही न बोलता वाकून कुर्त्याचा घेर उलटा केला.

"मावशी, आतून आणखी फिकट झालाय."

"तीन पाणी सोडलं त्यानं."

"बाहेरून बरा आहे पण." ती तशीच उकिडवी बसली होती, कड दोन बोटांत धरून. मग उठली आणि स्वतःच्या अंगातल्या टॉपची खालची कड वर दुमडून माझ्यापुढं केली. बारीक बुट्टे होते, पिवळ्यावर हिरवे. "आणि हा?"

मी चष्मा शोधायला आत गेले.